लकव्यानंतरचा दुखरा खांदा: लेझर + व्यायाम, प्रकल्प नोंदी (मिरज, २०२४)

१० जून २०२४, सोमवार

माझ्या फिजिओच्या थिसिससाठी एथिक्स कमिटीचं पत्र मागेच आलं होतं, आज सीटीआरआयचा (देशातल्या क्लिनिकल ट्रायल्सची सरकारी नोंदणी) रजिस्ट्रेशन नंबर पण आला, म्हणजे आता पेशंट घ्यायला मोकळे. १ एप्रिल २०१८ पासून सीटीआरआय फक्त आगाऊ रजिस्ट्रेशन घेतं, आधी एकही पेशंट घेतलेला चालत नाही, त्यामुळे मे महिनाभर वॉर्डात खांदा धरून बसलेली माणसं बघत होते, त्यांना नेहमीची ट्रीटमेंट देत होते पण प्रोजेक्टात घेता येत नव्हतं.

प्रश्न साधा आहे. लकव्यानंतर ज्या बाजूची ताकद गेली त्या बाजूचा खांदा दुखायला लागतो, त्यावर लो लेव्हल, म्हणजे कमी ताकदीचा, लेझर दिला आणि सोबत व्यायाम घेतला तर नुसत्या व्यायामापेक्षा जास्त फरक पडतो का. व्यायाम दोन्ही गटांना सारखाच. एका गटाला खरा लेझर, दुसऱ्याला तसाच दिसणारा पण औषधी किरण बंद असलेला प्रोब (लेझरचा कातडीला टेकवायचा भाग).

हा विषय का घेतला ते पण लिहून ठेवते. लकवा झाल्यावर घरच्यांचं सगळं लक्ष चालण्याकडे असतं, पाय टाकायला लागले की निम्मं टेन्शन गेलं. आणि त्याच सुमाराला, पहिल्या दोन-तीन महिन्यांत, खांदा ठणकायला लागतो. रात्री झोप नाही, झोप नाही म्हणून दिवसा व्यायाम नाही, हाताला कुणी हात लावला की माणूस ओरडतो, मग हात कुणी हलवतच नाही आणि खांदा आणखी आखडतो. हाताची रिकव्हरी जिथे व्हायची तिथेच अडकते. हे टाळता येण्यासारखं असतं बऱ्याचदा, त्याचंच जास्त वाईट वाटतं.

१३ जून, गुरुवार

कुठलं मशीन वापरायचं यावर आज गाइड मॅडमबरोबर शेवटचं बोलणं झालं. आपल्याकडे क्लास ४ चा हाय इंटेन्सिटी लेझर पण आहे, १०६४ नॅनोमीटरचा, आणि तुर्कस्तानातल्या लोकांनी याच पेशंटवर हाय इंटेन्सिटी वापरून काम केलेलं आहे, पण मी कमी ताकदीच्या क्लास ३ बी वरच अडून राहिले आणि मॅडमना पण ते पटलं. कारणं दोन.

पहिलं म्हणजे क्लास ४ गरम लागतो. ५०० मिलिवॉटच्या वरचा लेझर क्लास ४ मध्ये जातो, त्यात उष्णता जाणवते, मग ज्याला खोटा लेझर दिलाय त्याला लगेच कळणार की आपल्याला काही लागत नाहीये. ब्लाइंडिंग, म्हणजे कुणाला खरा कुणाला खोटा हे कळू न देणं, गेलं कामातून. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, लकव्याच्या पेशंटची त्या बाजूची संवेदना कमी असू शकते, गरम लागलं तरी तो सांगू शकत नाही, आणि आपल्या लोकांची सावळी-काळी कातडी प्रकाश जास्त शोषते म्हणजे वरच्या वर तापते. प्रोब हलवत राहिलं तर धोका कमी होतो हे मान्य, पण ज्याला चटका कळत नाही त्याच्यावर मला ते नको.

तर मग ८०८ नॅनोमीटर तरंगलांबी, १०० मिलिवॉट ताकद, कंटिन्युअस म्हणजे सलग. हिशोब असा की वॉट गुणिले सेकंद म्हणजे ज्यूल, ०.१ वॉट गुणिले ४० सेकंद म्हणजे एका पॉइंटला ४ ज्यूल. सहा पॉइंट, २४ ज्यूल, लेझर फक्त चार मिनिटांचा. नातेवाईक विचारणारच आहेत की एवढंच का, कारण करंटचं मशीन पंधरा-वीस मिनिटं लावतात त्याची सवय आहे सगळ्यांना.

बायोमेडिकलच्या सरांनी दोन प्रोब तयार करून दिलेत, अ आणि ब, दोन्हीत नेम दाखवणारा लाल एमिंग लाइट लागतो, दोन्हीत बीप वाजतो, एकात आतला ८०८ चा डायोड बंद आहे. कुठला ते फक्त त्यांना माहीत, कागद त्यांच्या कपाटात. ८०८ डोळ्याला दिसत नाही पण बऱ्याच मोबाइलच्या कॅमेऱ्यात जांभळट दिसतो, म्हणून लेझर रूममध्ये मोबाइल न्यायचा नाही, माझा पण नाही. दर महिन्याला पॉवर मीटरवर आउटपुट सरच तपासणार. गॉगल दोन्ही प्रोबला लागू, पेशंटला पण आणि मला पण, कारण कुठला खरा ते माहीत नाही म्हणजे दोन्ही खरे समजूनच वागायचं.

१८ जून, मंगळवार

संमतीपत्रं छापून आली. मराठी आणि कन्नड दोन्ही, कारण मिरजेला अथणी, चिकोडी, रायबागकडून पेशंट येतात ते निम्मेअधिक कन्नड बोलणारे. कन्नडचं भाषांतर दोघांकडून वेगवेगळं करून घेऊन मग जुळवलं. मराठी माहितीपत्रकात पहिल्या मसुद्यात अर्धांगवायू, वेदनाशमन असलं सगळं होतं, ते काढून लकवा, दुखणं, खांदा असं केलं. सही कुणाची हाही प्रश्न, उजवी बाजू गेलेल्याला सही करता येत नाही, तिथे डाव्या अंगठ्याचा ठसा आणि प्रोजेक्टाबाहेरचा साक्षीदार.

दुखणं मोजायचं कसं यावर ज्युनिअरशी बराच वेळ बोलले. मोजमाप सगळं तीच घेणार, तिला गट माहीत नसणार. ० ते १० ची रेघ आपण नेहमी आडवी काढतो, पण उजव्या मेंदूचा लकवा असलेल्यांपैकी काही जणांना डावीकडचं जग लक्षातच येत नाही, ते रेघेचा डावा भाग बघतच नाहीत आणि खूण उजवीकडे सरकते, म्हणजे दुखणं उगाच जास्त दिसतं. म्हणून रेघ उभी, खाली ० आणि वर १०, दोन्ही टोकांना चेहऱ्याचं चित्र. बोलता येत नाही पण समजतं अशा पेशंटला पण ही चालते, बोट ठेवलं की झालं. ज्यांना समजतच नाही त्यांना प्रोजेक्टात घेता येणार नाही, आणि खरं तर त्यांचं दुखणंच सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतं, हे डोक्यात राहू दे.

बाकी मोजमापं: बाहेरच्या बाजूला खांदा किती फिरतो ते गोनिओमीटरने (कोन मोजायची पट्टी), हाताची हालचाल किती परत आली त्याचे फ्युगल-मेयरचे गुण ६६ पैकी, स्पॅस्टिसिटीला (स्नायूंचा कडकपणा) मॉडिफाइड अ‍ॅशवर्थची श्रेणी, आणि खांदा निसटलाय का ते बोटाने, वरच्या हाडाच्या कडेखाली किती बोटांची खाच लागते त्यावरून.

२४ जून, सोमवार

पहिल्या पेशंट आल्या. तासगावकडच्या मावशी, डावी बाजू, लकवा होऊन सात आठवडे, द्राक्षाच्या बागेत कामाला जाणाऱ्या. सोबत सून. ज्युनिअरने मोजमाप घेतलं, मग कुठला प्रोब ते सांगणारा लिफाफा मी उघडला, प्रोब ब.

पण आजची नोंद लेझरची नाही. आधी गाउन घालायचा होता तर सून ब्लाउज काढायला लागली आणि तिने चांगला हात आधी न काढता लकव्याचा हात मनगटाला धरून वर ओढला, कोपर सरळ, खांदा आतल्या बाजूला वळलेला, आणि मावशींच्या तोंडून किंकाळी गेली. सुनेचा काही दोष नाही, तिला कुणी सांगितलंच नव्हतं, डिस्चार्जच्या कागदावर बीपीच्या गोळ्या होत्या, मिठाचं पथ्य होतं, हात कसा धरायचा यावर एक ओळ नव्हती.

मग लेझर बाजूला ठेवला आणि पहिला अर्धा तास ब्लाउजच शिकवला. घालताना लकव्याचा हात आधी, काढताना लकव्याचा हात शेवटी. हात मांडीवर, बाही गोळा करून आधी बोटांवरून, मग मनगट, मग कोपर, मग सुनेचा एक तळवा मागून फऱ्यावर (खांद्यामागचं चपटं हाड) आणि फरा हलकेच पुढे आणायचा, त्यानंतर खांद्यावर बाही चढवायची. ओढायचं कुठेच नाही. पुढून हुक असलेला, बाही सैल केलेला ब्लाउज. दुसऱ्यांदा सुनेने स्वतः केलं तेव्हा मावशींनी दातओठ खाल्ले नाहीत. दिवसातून दोनदा कपडे बदलायचे म्हणजे दोनदा हा खांदा ओढला जात होता, सात आठवडे. आपला चार मिनिटांचा लेझर त्याला कुठे पुरणार होता?

कारण समजून सांगताना मी एकच उदाहरण वापरते. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीत ठेवलेलं लिंबू. लिंबू बशीत राहतं ते बशीमुळे नाही, चारी बाजूंनी धरून ठेवणाऱ्या स्नायूंमुळे. लकव्यात ते स्नायू ढिले पडले की हाताचं सगळं वजन खाली लोंबतं आणि मधलं मऊ सगळं ताणलं जातं. नंतर काही आठवड्यांनी उलटं होतं, स्नायू कडक होतात, छातीकडचे आणि फऱ्याच्या आतले आधी, आणि हात आत वळून अंगाला चिकटतो. ढिला असताना ओढलं तरी इजा, कडक असताना वर उचललं तरी इजा, कारण हात बाहेर फिरल्याशिवाय नव्वद अंशांच्या वर नेला की वरच्या हाडाखाली स्नायूची दोरी चिमटते.

३ जुलै, बुधवार

पॉइंट कुठे द्यायचे त्यात अडचण आली ती अशी. पुस्तकात सुप्रास्पिनेटसच्या (फऱ्याच्या वरच्या भागातून खांद्यावर येणारा स्नायू) टोकाला लेझर द्यायचा तर हात पाठीमागे कमरेवर ठेवायला सांगतात, कारण तसं केलं की ते टोक वरच्या हाडाखालून पुढे येतं, नाहीतर हाड मध्ये आणि प्रकाश हाडातून फारसा जात नाही. पण आमच्या पेशंटला हात पाठीमागे नेणं हेच सगळ्यात दुखरं, काहींना शक्यच नाही. मॅडमनी सुचवलं की खुर्चीत बसवून कोपर अंगाच्या किंचित मागे, उशीवर टेकवून, एवढ्याने पण टोक थोडं पुढे येतं, आणि बोटाने चाचपून दुखरा पॉइंट मिळतो. तसं ठरलं. बाकी पॉइंट: पुढे बायसेप्सच्या खाचेत, सांध्याच्या पुढच्या कडेला, मागच्या कडेला, आणि फऱ्यावर इन्फ्रास्पिनेटस या स्नायूला दोन. प्रोब कातडीला काटकोनात, हलकं दाबून, कारण लांबून धरला तर बराच प्रकाश वरूनच परत जातो.

कातडी स्वच्छ हवी. इथे जवळजवळ प्रत्येक खांद्यावर काहीतरी लावलेलं असतं, बाम, तेल, आणि सांगली भाग म्हणजे हळदीचा लेप तर असतोच. रागवायचं नाही. स्पिरिटने पुसून घ्यायचं आणि सांगायचं की ट्रीटमेंटच्या दिवशी सकाळी काही लावू नका.

आज जतच्या आजोबांनी विचारलं की हा लाल दिवा आत जाऊन करतो काय. मी त्यांना सांगितलं ते इथे पण लिहिते. लेझर पहिल्यांदा तयार झाला १९६०ला, आणि १९६७ला बुडापेस्टमध्ये एन्ड्रे मेस्टर नावाचे डॉक्टर गाठींवर काय होतं ते उंदरांवर रूबी लेझर देऊन बघत होते, तर गाठींचं काही झालं नाही पण भादरलेल्या जागी केस लवकर आले. तिथून हा सगळा शोध सुरू झाला. पेशीच्या आत जिथे ताकद तयार होते तिथलं एक एन्झाइम हा प्रकाश शोषतं असं मानतात, त्याने सूज कमी करणाऱ्या गोष्टी घडतात. आजोबा म्हणाले म्हणजे आत ऊन देताय होय. मी म्हटलं ऊन तापतं, हे तापत नाही, आणि दुखणं कमी झालं तर त्या वेळात हात हलवून घ्यायचा, खरं काम त्यात आहे.

११ जुलै, गुरुवार

व्यायामाचा क्रम आता बसलाय, लिहून ठेवते कारण पुढच्या बॅचला लागेल.

लेझर झाला की लगेच व्यायाम, मध्ये चहाला सुट्टी नाही. आधी फरा. पेशंट चांगल्या कुशीवर, माझा एक हात फऱ्याच्या खालच्या कोपऱ्याला, दुसरा पुढून, आणि फरा पुढे, वर, गोल असा सैल करत न्यायचा. हात वर जाताना सांध्याचे दोन अंश आणि फऱ्याचा एक अंश असं साधारण प्रमाण असतं, फरा जाम असेल तर हात वर नेणं म्हणजे सांधा चेचणं. फरा सैल झाल्याशिवाय हात उचलायचाच नाही, हा नियम मी सगळ्या इंटर्न्सना रोज सांगते.

मग कोपर अंगाला लावून हात बाहेरच्या बाजूला फिरवणं, अगदी हळू, पेशंटच्या चेहऱ्याकडे बघत. किती अंश बाहेर फिरतो यावरून दुखण्याचा अंदाज चांगला येतो, माझ्या अनुभवात हेच पहिलं सुधारतं आणि बिघडायला लागलं तर पहिलं बिघडतं पण हेच. मग तळवा पलंगावर टेकवून, कोपर सरळ धरायला मदत करून त्यावर वजन घेणं. मग टेबलावर टॉवेल ठेवून दोन्ही हातांनी पुढे सरकवणं. आणि शेवटी घरचं काहीतरी काम.

तासगावच्या मावशींना काम दिलं ते परातीतलं. कोरडं पीठ, लकव्याचा तळवा पिठावर, वरून चांगला हात, आणि पुढे दाबत मळल्यासारखं. खांद्यावर वजन येतं, कोपर सरळ होतं, बोटं उघडतात. प्लास्टिकचे कोन उचलून ठेवायला सांगितलं की त्या दोन मिनिटांत कंटाळतात, परात दिली की त्या स्वतःहून सांगतात पाणी घाला आता.

१७ जुलै, बुधवार

आषाढी, ओपीडी बंद. जतच्या आजोबांचा मुलगा फोनवर, वडील सकाळपासून बोलत नाहीयेत, दरवर्षी वारीला जायचे, यंदा घरी. टाळ आणायला सांगितलाय पुढच्या वेळी. टाळ छातीसमोर वाजतो, हात नव्वदच्या वर जात नाही, दोन्ही हात लागतात, मनगट फिरतं, यापेक्षा चांगला व्यायाम मी शोधून काढू शकले नसते. बोटांची पकड कमी आहे त्यांची, दोरी पंजाला सैल बांधून बघू.

२६ जुलै, शुक्रवार

कृष्णेचं पाणी वाढत चाललंय, नदीकाठची माणसं सामान वर काढतायत, २०१९च्या ऑगस्टचा धसका अजून कुणाच्या मनातून गेलेला नाही. काही गाड्या बंद, पेशंट येऊ शकत नाहीत. प्रोटोकॉलमध्ये सेशन चुकलं तर काय करायचं ते लिहिलेलं आहे, तेवढे दिवस पुढे ढकलायचे आणि नोंद करायची. लेझर घरी देता येत नाही पण व्यायाम घेता येतो, म्हणून सगळ्यांना व्हिडिओ कॉल. नेटवर्क जेवढं टिकलं तेवढं.

कॉलवर एक फायदा झाला, घर दिसलं. मिरज तालुक्यातल्याच एका काकांचा पलंग भिंतीला असा लावलेला की लकव्याची बाजू भिंतीकडे, म्हणजे सगळी माणसं, टीव्ही, तांब्या सगळं चांगल्या बाजूला, आणि उठवताना मुलगा चांगल्या बाजूने येऊन लांबून लकव्याचा हात धरून ओढतो कारण त्या बाजूला उभं राहायला जागाच नाही. पलंग फिरवायला लावला फोनवरूनच. उठवताना हात धरायचा नाही, काखेत हात घालायचा नाही, कमरेला पंचा घट्ट बांधायचा आणि तो धरायचा, दुसरा हात फऱ्यामागे. झोपताना चांगल्या कुशीवर असतील तर लकव्याचा हात पुढे उशीवर, लकव्याच्या कुशीवर असतील तर तो खांदा पुढे ओढून घेतलेला, अंगाखाली दाबलेला नको. बसताना हात मांडीवरच्या उशीवर, लोंबकळत नको. गळ्यातली झोळी ढिला हात असताना फक्त उभं राहायला-चालायला, दिवसभर घातली तर हात आत वळलेला तसाच कडक होतो.

८ ऑगस्ट, गुरुवार

कप्पी. आज परत कप्पी. अथणीचे काका, प्रोब अ, दहा दिवसांत दुखणं उतरत होतं आणि आज एकदम वाढलेलं, रात्रभर झोप नाही. विचारत विचारत गेल्यावर कळलं, शेजाऱ्यांनी दारावर कप्पी बांधून दिली आहे, चांगल्या हाताने दोरी ओढायची की लकव्याचा हात वर, सकाळ-संध्याकाळ शंभर वेळा. मनापासून करत होते बिचारे, बरं व्हायची घाई आहे त्यांना, सोसायटीत कामावर परत जायचंय.

याच्यावर १९९० साली अमेरिकेत एक छोटा अभ्यास छापून आलाय, २८ पेशंट, तीन गट. थेरपिस्टने हात हलवला त्या गटात ८ टक्के लोकांना खांद्याचं दुखणं सुरू झालं, चाकाच्या फळीवर हात ठेवून सरकवणाऱ्यांत १२ टक्के, आणि डोक्यावरच्या कप्पीवाल्यांत ६२ टक्के. पेशंट थोडे होते हे खरं, पण फरक एवढा मोठा आहे आणि कारण इतकं सरळ आहे की मला दुसरा पुरावा लागत नाही. कप्पी फऱ्याची वाट बघत नाही, हात बाहेर फिरवत नाही, नुसता वर खेचते. फ्रोजन शोल्डरवाल्याला चालत असेल, लकव्यात नाही. तरी अजून किती ठिकाणी दिसते, फिजिओच्या दवाखान्यात पण.

काकांना रागावले नाही. कन्नड येणाऱ्या ब्रदरना बोलावून नीट समजावलं, कप्पीच्या जागी टेबलावरचा टॉवेल दिला, वेळा पण ठरवून दिल्या, कारण त्यांना काहीतरी करायला पाहिजे आहे, नुसतं करू नका म्हणून भागणार नाही. कप्पीची नोंद फाइलला केली, डेटातून त्यांना काढायचं नाही, मॅडम म्हणाल्या ज्या गटात टाकले त्याच गटात मोजायचे.

२० ऑगस्ट, मंगळवार

प्रोजेक्टात न बसलेल्यांबद्दल आज लिहायचं आहे, कारण लेझर-लेझर करताना ही माणसं सुटू नयेत.

सकाळी एक ताई आल्या, खांदा दुखतो म्हणून पाठवलेल्या. हाताचा पंजा सुजलेला, चकाकणारा, दुसऱ्या हातापेक्षा गरम, साडीचा पदर पंजाला घासला तरी आग होते म्हणतात, बोटं मिटत नाहीत. खांदा दुखतोय, कोपर मात्र बरं. हे शोल्डर-हँड सिंड्रोम, याचे निकष बुडापेस्टच्या नावानेच आहेत, ते लावून बघितले आणि लगेच फिजिकल मेडिसिनच्या डॉक्टरांकडे पाठवलं. याला वेळेत औषध लागतं, नुसत्या फिजिओवर ठेवायचं नाही. दुपारी एक काका, त्यांचं अर्धं अंग जळतं, चेहऱ्यापासून पायापर्यंत, खांदा त्यातला एक भाग. ते दुखणं मेंदूतून येतंय, खांद्यावर लेझर देऊन काही होणार नाही, न्यूरोला पत्र दिलं.

शुगर असलेले पेशंट बरेच. त्यांचा सांधा लवकर आखडतो आणि हळू सुटतो, लकवा नसला तरी. त्यांच्या घरच्यांना आधीच सांगून ठेवते की वेळ लागेल, साखर आटोक्यात ठेवणं हा पण खांद्याचाच इलाज आहे.

१८ सप्टेंबर, बुधवार

काल अनंत चतुर्दशी, मिरजेची मिरवणूक आज सकाळी पण चालूच, ओपीडीत निम्मे पेशंट. गणपतीच्या दिवसांत सेशन चुकतात हे गृहीत धरून नवे पेशंट त्या आठवड्यात घेतलेच नव्हते.

तासगावच्या मावशींचं चौथ्या आठवड्याचं, म्हणजे ट्रीटमेंट संपल्यावरचं मोजमाप मागेच झालं, आकडे ज्युनिअरकडे, मला बघायचे नाहीत. पण माणूस समोर दिसतो त्याला काय करणार. पदर त्या स्वतः खांद्यावर घेतात आता, चांगल्या हाताने, पण डावा खांदा पदराच्या वजनाला आणि स्पर्शाला बिचकत नाही. सून म्हणाली रात्री उठवत नाहीत. प्रोब खरा होता की नाही ते माहीत नाही, आणि समजा खोटा निघाला तरी मला वाईट वाटणार नाही, कारण मग ब्लाउज आणि परातीचं पारडं जड ठरेल. खरा निघाला तर चार मिनिटांच्या मशीनने व्यायामाला वाट करून दिली असं म्हणता येईल. दोन्ही उत्तरं कामाची आहेत.

येण्याजाण्याचा विषय परत परत येतो. ज्या पेशंटसोबत बाई माणूस येते ते नियमित, कारण मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट, आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट. ज्यांचा मुलगा रोजंदारी सोडून आणतो त्यांचं सेशन चुकतं. मशीन कितीही चांगलं असलं तरी आठवड्यातून पाच वेळा खेड्यातून मिरजेला येणं किती जणांना जमणार, हे थिसिसच्या चर्चेत स्पष्ट लिहिणार आहे. लेझर तालुक्याला पोचेल तेव्हा पोचेल, कपडे कसे घालायचे ते आज शिकवता येतं.

जतचे आजोबा टाळ घेऊन आले. दोरीची गाठ त्यांनीच बदलून आणली आहे, माझ्यापेक्षा चांगली. दोन अभंग झाले व्यायामाच्या हॉलमध्ये, बाकीचे पेशंट पण थांबून ऐकत होते.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

जागतिक स्ट्रोक दिन. दरवर्षी पोस्टर, रांगोळी, लक्षणं ओळखा हे होतंच आणि व्हायलाच पाहिजे, चेहरा वाकडा, हात पडला, बोबडं बोलणं, लगेच दवाखाना, साडेचार तासांच्या आतलं इंजेक्शन. यंदा मॅडमनी आम्हाला वेगळा तास दिला आणि आम्ही तो नातेवाईकांना न देता वॉर्डातल्या मामा-मावशी, आया, ब्रदर, सिस्टर यांना दिला. कारण खांदा पहिल्यांदा ओढला जातो तो वॉर्डात. स्ट्रेचरवरून बेडवर घेताना, चादर बदलताना, बेडपॅन देताना, बीपीचा पट्टा बांधताना. वॉर्डातले मामा वीस वर्षं माणसं उचलतायत, त्यांना शिकवायला गेलो तर त्यांनीच आम्हाला दाखवलं की दोघांनी चादरीसकट कसं सरकवायचं म्हणजे हाताला धरावंच लागत नाही. ती पद्धत तशीच्या तशी घेतली.

एका सिस्टरनी विचारलं, सलाइन कुठल्या हाताला लावायचं. चांगल्या हाताला शक्यतो, लकव्याच्या हाताला सूज पटकन येते आणि दुखलं तरी पेशंटला कळत नाही. वॉर्डासाठी हाताळणीचा जो चार्ट करतोय त्यावर हे पण घालायचं राहिलं होतं, घातलं.

११ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीनंतर नवीन पेशंट घेणं बंद. आता बारा आठवड्यांची फॉलो-अप मोजमापं राहिलीत, ती जानेवारीच्या शेवटापर्यंत चालतील, त्यानंतर डेटा लॉक होईल, म्हणजे आकड्यांत काही बदलता येणार नाही, आणि मगच बायोमेडिकलच्या सरांचा कागद उघडायचा. पॉवर मीटरच्या महिन्याच्या नोंदी त्यांनी सीलबंद दिल्यात.

हाताळणीचा चार्ट मात्र निकालासाठी थांबवला नाही. मॅडम आणि मेट्रन दोघींच्या सह्या झाल्या, मेडिसिन वॉर्डात लकव्याच्या प्रत्येक बेडच्या डोक्याशी लागणार, मराठी आणि कन्नड, पाच चित्रं: कपडे, उठवणं, कुशी, बसणं, सलाइन. खाली मोठ्या अक्षरात दोनच सूचना, हात ओढू नका आणि कप्पी लावू नका. डिस्चार्ज फाइलला त्याची छोटी प्रत जोडायला रेकॉर्ड सेक्शन तयार झालं. चित्रातल्या बाईचा ब्लाउज मागून हुकचा काढला होता आर्टिस्टने, तो पुढून करायला सांगितलाय, गुरुवारी नवीन प्रूफ येईल.